कोरी पिवळी चिठ्ठी

१

फोल्डरची फीत सोडताना डॉ. फ्रीडेरिके लांग हसत होत्या. फोल्डर उघडला आणि ते हसू त्यांच्या ओठांवर तसेच राहून गेले, माणसे निघून गेल्यावर खोलीत दिवा जळत राहावा तसे.

आत कागद नव्हता.

त्याच्या जागी एक पिवळट, जाडसर चिठ्ठी होती. पूर्ण कोरी. वरचा एक कोपरा गोल कापलेला. बाकी काही नाही.

बुधवार, १२ मार्च २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. रेगेन्सबर्गमध्ये डोनाउ नदीवरचे धुके अजून उठले नव्हते, आणि नदीकाठच्या ब्राइटनर संशोधन संस्थेच्या वाचनालयात पाच माणसे त्या कोऱ्या चिठ्ठीकडे पाहत उभी होती.

क्लेमेन्स ब्राइटनर यांचे नाव धारण करणारी ही संस्था त्यांच्या कागदांवर उभी होती. महायुद्धाच्या राखेतून देश उभा राहत असताना शेजारच्या शत्रूंशी हात मिळवणारा, पुढे मंत्री झालेला आणि युरोप एक व्हावा म्हणून आयुष्य झिजवलेला हा मुत्सद्दी. ऱ्हाइन नदीवरच्या एका पुलावरची तपासणी चौकी उठवावी, असा प्रस्ताव फ्रान्सकडून आला, तेव्हा १३ मार्च १९५० रोजी त्यांनी एका कागदावर दोनच वाक्ये लिहिली होती: ‘सीमा ही जखम आहे. पहारा ठेवून जखम भरत नाही.’ ती वाक्ये संस्थेच्या प्रवेशद्वारावर कोरलेली होती. भेटीला येणाऱ्या शाळकरी मुलांच्या पिशव्यांवर होती. स्वयंपाकघरातल्या कपांवरही होती. उद्या त्या कागदाला पंच्याहत्तर वर्षे पुरी होणार होती आणि उद्याच त्याची पहिली रंगीत प्रतिमा जगासाठी खुली व्हायची होती. आजवर लोकांनी पाहिले होते ते १९७८च्या स्मृतिग्रंथातले काळे-पांढरे छायाचित्र.

ती प्रतिमा घेण्यासाठी समर देवस्थळी येनाहून आला होता. अठ्ठावीस वर्षांचा, मितभाषी, माणसांपेक्षा भिंगांशी अधिक मोकळा असलेला. जुन्या कागदांची छायाचित्रे घेणाऱ्या एका लहानशा कंपनीत तो सहा महिन्यांपूर्वी लागला होता. आत्ता तो आपल्या कॅमेऱ्याच्या खांबाला हात लावून उभा होता.

कोनराड व्हीस्नर खुर्चीवर बसले. चौऱ्याऐंशी वर्षांचे व्हीस्नर एकेकाळी ब्राइटनर यांचे खाजगी चिटणीस होते. पुढे चाळीस वर्षे हा संग्रह त्यांनीच सांभाळला. आजही रोज सकाळी साडेसातला येऊन ते साहेबांच्या टेबलावरच्या घड्याळाला किल्ली देत. त्यांच्या शेजारी स्ट्रासबर्गहून आलेली संशोधक क्लेअर दुवाल उभी होती. आणि नोंदवहीच्या टेबलामागे, चष्मा कपाळावर सरकवून, नीलिमा बाउअर.

“काल हा कागद,” डॉ. लांग म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कुणीतरी मधूनच कापल्यासारखा आला, “शेवटचा कोणाच्या हातात होता?”

चार माणसांची नजर एकाच वेळी समरकडे वळली.

२

“तीन ते चार,” डॉ. लांग आपल्या खोलीत म्हणाल्या. “एक तास तुम्ही एकटे होतात. चारला तुम्ही फोल्डर बांधून मला दिलात, मी तो तिजोरीत ठेवला. मी तो उघडून पाहिला नाही. ही माझी चूक.”

“कागद आत होता,” समर म्हणाला. “मीच ठेवला.”

“त्या तासात तुम्ही खोली सोडलीत?”

खोटे बोलणे सोपे होते. समरला ते कधीच जमले नव्हते. त्यात सद्गुणापेक्षा भित्रेपणाच अधिक आहे असे त्याला वाटे. “हो. दहा मिनिटं. गाडीतून दिव्याची तार आणायला गेलो होतो.”

“कुलूप लावून?”

समरने नकारार्थी मान हलवली.

“आल्झो... असं तर,” डॉ. लांग म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. या बाईंना संस्थेत येऊन आठ महिने झाले होते. त्या राज्यशास्त्राच्या विदुषी होत्या. जुन्या कागदांच्या वासाने त्यांना शिंका येत आणि ते त्या मोकळेपणाने सांगतही. “आज चार वाजता स्ट्रासबर्गचे पाहुणे येतील. तोपर्यंत कागद मिळाला नाही, तर मला पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. तुमच्या नावानं. तुमच्या कंपनीलाही कळवावं लागेल.”

“माझी प्रोबेट्साइट शुक्रवारी संपते,” समर म्हणाला. उमेदवारीचा काळ. तो संपण्याआधी कंपनी एका ओळीच्या पत्राने त्याला घरी पाठवू शकत होती, आणि घर म्हणजे येनामधली भाड्याची खोली नव्हे. या देशात राहण्याचा त्याचा परवाना याच नोकरीच्या खुंटीवर टांगलेला होता.

“मला माहीत आहे. म्हणूनच चार वाजेपर्यंत थांबते आहे.”

“माझ्याकडे काल प्रकाश जुळवताना घेतलेलं एक चित्र आहे. एकच.”

“चित्र!” त्या पहिल्यांदाच चिडल्या. “उद्या काचेच्या पेटीत मी चित्र ठेवू, हेर देवस्थळी? मला कागद हवाय.” जर्मनमधले ‘हेर’ म्हणजे श्रीयुत, पण आज समरला त्यात मराठीतला हेरच ऐकू आला.

तो बाहेर पडला. जिन्यातल्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत ती दोन वाक्ये होती. रोज येता-जाता ती त्याला धीर देत. परक्या देशात राहणाऱ्या माणसाला सीमेविषयी कुणी असे बोललेले हवेच असते. आज मात्र ‘पहारा’ हा एकच शब्द त्याला दिसला.

मागून कुणीतरी त्याची बाही धरली.

“तोंड असं काय केलंयस?” नीलिमा मराठीत म्हणाल्या. “होळी उद्या आहे रे. आजच बोंब मारून मोकळा झालास की काय? चल आत. चहा घे, आणि मला एकेक गोष्ट नीट सांग. चार वाजायला साडेपाच तास आहेत.”

३

नीलिमा बाउअर मूळच्या मिरजेच्या खांबेटे. गेऑर्ग बाउअर नावाच्या शांत बवेरियन इंजिनिअरशी लग्न करून त्या त्र्याऐंशी साली इथे आल्या. पुढे सव्वीस वर्षे त्यांनी जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत काढली. तिथल्या रजिस्ट्राटूरमध्ये, म्हणजे फायली येतात, जातात आणि थकून कायमच्या निजतात त्या विभागात. यजमान गेल्यावर घर खायला उठले तेव्हा त्यांनी आठवड्यातून दोन दिवस इथली नोंदवही पत्करली. गावातल्या दहा-बारा मराठी घरांत त्या सगळ्यांच्या मावशी होत्या. समर तीन आठवड्यांसाठी त्यांच्याच वरच्या खोलीत उतरला होता.

“मावशी, पोलीस आले तर—”

“पोलीस आले तर कॉफी देऊ. ती चिठ्ठी तू हातात घेतलीस ना सकाळी? कोपरा कसा होता?”

“गोल कापलेला. वरचा उजवा. का?”

“सहज.” पण त्यांनी कप खाली ठेवला. “फ्राउ डॉक्टर काय म्हणतात त्या चिठ्ठीबद्दल?”

“त्या म्हणतात, फोल्डर पोकळ लागू नये म्हणून मी ती आत घातली.”

“हं. आणि तुझ्या त्या एकुलत्या एका चित्रात काय आहे? दाखव.”

वाचनालयाच्या कोपऱ्यात, यंत्राच्या पडद्यावर, त्याने ते चित्र उघडले. कागद उजळला. तंतू न् तंतू दिसत होता, घडीची पुसट रेघ दिसत होती, आणि मध्यभागी उतरत्या, ठाम अक्षरांतली ती दोन वाक्ये. हिरव्या पेन्सिलीने लिहिलेली.

नीलिमांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्या पडद्यावर वाकल्या.

“हा रंग खरा आहे? तुमची ही यंत्रं काहीही गुलाबी-निळं दाखवतात.”

“शेजारी रंगपट्टी आहे बघा.” त्याने चित्राच्या कडेच्या लहान चौकटींकडे बोट दाखवले. “तिच्याशी ताडून घेतलंय. हिरवा म्हणजे हिरवाच. पण मावशी, त्यात नवल काय? ती पेन्सिल खाली काचेच्या पेटीत ठेवलीय की. ‘ब्राइटनर यांची हिरवी पेन्सिल’. मुलं तिच्यासमोर फोटो काढतात.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” नीलिमा पुटपुटल्या. “प्रत्येकाला माहीत आहे.”

“मग?”

“मग काही नाही. हे चित्र आहे हे आणखी कोणाला ठाऊक आहे?”

“फक्त डॉक्टरांना. बाकीच्यांना मी काल म्हटलं होतं, आज नुसता प्रकाश जुळवलाय, खरं काम उद्या.”

नीलिमा उठल्या. त्यांचा चेहरा पाहून समर दचकला. त्यावर राग नव्हता, शोधाचा आनंदही नव्हता. ओळखीच्या घरात अचानक अनोळखी खोली सापडावी, तसा तो चेहरा झाला होता.

“समर,” त्या म्हणाल्या, “तुझ्यावर बालंट आलंय ते जाईल. पण ते जाताना बरंच काही बरोबर घेऊन जाईल, असं दिसतंय मला.”

४

क्लेअर दुवाल खिडकीपाशी कागदपत्रे आवरत होती. तिच्या हालचाली घाईच्या होत्या.

“निघालात?” नीलिमांनी विचारले.

“सगळ्यांना वाटतंय की मीच घेतला. तो मुलगा गाडीकडे गेला तेव्हा मी याच मजल्यावर होते. आणि कारणही आहे माझ्याकडे.” ती फटकन म्हणाली. “माझा प्रबंध म्हणतो की पन्नास साली ब्राइटनर चौकी उठवण्याच्या विरोधात होते. पॅरिसच्या कागदांत फ्रेंच राजदूतानं लिहिलंय, ‘ब्राइटनर दार बंद करून बसले आहेत.’ आणि इथली भिंत म्हणते, सीमा ही जखम आहे! मी मूळ कागद तीनदा मागितला. तिन्ही वेळा हेर व्हीस्नर म्हणाले, तो उजेड सोसत नाही.”

“म्हणजे तुम्ही तो पाहिलेलाच नाही.”

“पुस्तकातला काळा-पांढरा, बस. तुम्हाला गंमत सांगू? मी त्यांची चारशे भाषणं वाचली. हे वाक्य ते जिवंतपणी एकदाही बोललेले नाहीत. इतकं चांगलं वाक्य माणूस पुन्हा वापरत नाही? राजकारणी माणूस?”

नीलिमा हसल्या नाहीत. “पन्नास साली ते कोण होते?”

“मंत्रालयाचे सचिव. मंत्री झाले ते त्रेपन्नमध्ये. का?”

“सहज विचारलं,” म्हणून नीलिमा समरला घेऊन साहेबांच्या खोलीकडे निघाल्या.

कोनराड व्हीस्नर दिवंगत साहेबांच्या खोलीत बसले होते. खोली जशीच्या तशी राखलेली होती: टेबल, घड्याळ, पडदे, टांगलेला कोट. त्या सगळ्यांत व्हीस्नरही जसेच्या तसे राखलेले वाटत.

“या, फ्राउ बाउअर. आणि तुम्हीही या, तरुण मित्रा. काय हा दिवस!” त्यांचा आवाज मऊ होता. “फ्रीडेरिके तुमच्याशी कठोर वागली. मी तिला म्हटलं, पोरगा प्रामाणिक दिसतो.”

“तुम्ही साहेबांकडे कधी आलात, हेर व्हीस्नर?” नीलिमांनी विचारले.

“पासष्ट साली. चोवीस वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा मसुदा परत केला. सगळा हिरवा करून! वर्गात मास्तरांनी छडी मारावी तशी ती हिरवी पेन्सिल. बारा वर्षं मी त्या रंगाखाली जगलो. ते गेले सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरात, दोन तारखेला. शेवटच्या आठवड्यात त्यांनी ती पेन्सिल मला दिली.”

“आणि कागद तुम्हाला केव्हा सापडला?”

“त्यांच्यानंतर. कागद लावताना. या ग्रंथात पहिल्यांदा छापला.” ते उठले, मागच्या कपाटातून १९७८चा स्मृतिग्रंथ त्यांनी ओढून काढला. कपाटात पुस्तकाएवढी फट पडली. व्हीस्नरांनी ती तशी राहू दिली नाही. ग्रंथ काखेत धरून त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि त्या फटीत उभी केली. मग ते वळले. हे सारे इतक्या सहज झाले की त्यांनी तिकडे पाहिलेही नाही.

समरने मात्र पाहिले. आणि नीलिमांनी समरकडे पाहिले.

५

“चोर चिठ्ठी ठेवत नाही रे,” बाहेर येताच नीलिमा कुजबुजल्या. “चोर नुसता घेऊन जातो.”

जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या. खाली सभागृहात खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता.

“आमच्या कचेरीत पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. फायलीतला कागद उचललास की त्याच्या जागी चिठ्ठी ठेव. कुणी नेला, केव्हा नेला, कुठे ठेवला. पिवळी चिठ्ठी, उजवा कोपरा गोल, म्हणजे चाचपली तरी हाताला कळते. आता सगळं संगणकावर आलं, नव्या पोरांना ती माहीतही नाही. पण ज्याच्या हाताला ही सवय चाळीस वर्षं लागली, त्याला जागा रिकामी सोडताच येत नाही. तुझ्या डॉक्टरांना वाटलं, चोराची हुशारी. ती शिस्त होती, समर. त्याला लिहायला मात्र धीर झाला नाही, म्हणून कोरी राहिली.”

“तिजोरीची एक किल्ली त्यांच्याकडे असते,” समर हळूच म्हणाला. “साडेसातला ते एकटेच असतात इथे. पण मावशी, ते? ज्यांनी आयुष्य दिलं, ते का चोरतील?”

“रंगामुळे. इथल्या मंत्रालयांत रंग वाटून दिलेले असतात. फायलीवर हिरव्या पेन्सिलीनं लिहायचं ते फक्त मंत्र्यानं. सचिवाची लाल. त्याच्या खालच्याची निळी. दुसऱ्याच्या रंगाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या खुर्चीत बसणं. आमच्या कचेरीतसुद्धा यावरून माणसं अबोला धरायची.” त्यांनी श्वास घेतला. “पन्नास साली ब्राइटनर सचिव होते. त्या तारखेचा त्यांचा कागद लाल असायला हवा.”

समरने वर पाहिले. त्याच्या समोरच्या भिंतीवर ती हातभर उंचीची अक्षरे होती.

“म्हणजे हे...”

“हे त्यांनी लिहिलंच नाही. लिहिलं ते अशा माणसानं, ज्यानं त्यांना फक्त हिरव्या रंगात पाहिलं. पन्नास साली त्यांच्याबरोबर असलेला कुणीही ही चूक करता ना. पासष्ट साली आलेलाच करेल. पुस्तकात तो रंग दिसला नाही. डॉक्टरांनी पाहिला, पण त्यांना नियम माहीत नाही. या फ्रेंच पोरीला नियम माहीत असणार, तर तिला कागद दाखवला नाही. आणि उद्या तो सगळ्या जगाला दिसणार होता. तुझ्या कॅमेऱ्यातून.”

“आणि कागद? जाळला असेल.”

“उद्याच्या होळीत सगळं जग जळालं तरी त्या माणसाच्यानं कागद जाळवणार नाही.” नीलिमांनी डोळे मिटले. “संग्रहपाल कागद कुठे लपवेल? विचार कर. तो कागद कुठेही कोंबू शकत नाही. त्याचे हात ऐकणार नाहीत. तो एकाच ठिकाणी ठेवेल.”

समरला कळले. ते कळणे लख्ख होते, आणि उदास.

“त्याच्या खऱ्या जागी,” तो म्हणाला. “तो खरंच लिहिला गेला त्या महिन्याच्या कागदांत.”

ते परत वर गेले. व्हीस्नर घड्याळाची काच रुमालाने पुसत होते. नीलिमा त्यांच्यासमोर हात जुळवल्यासारखे धरून उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षे त्या अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या असतील तशाच.

“हेर व्हीस्नर, मला एक पेटी पाहायची आहे.”

“जरूर. कोणत्या सालची?”

“सत्त्याहत्तर. नोव्हेंबर.”

रुमाल काचेवर थांबला. घड्याळ मात्र चालत राहिले.

६

पेटी वाचनालयाच्या उघड्या मांडणीवर होती, शोकसंदेश आणि अंत्ययात्रेची बिले असलेली, कुणीही कधीही न मागितलेली. डॉ. लांग आल्या, क्लेअर आली. नीलिमांनी झाकण काढले. वरच, स्वच्छ पांढऱ्या आवरणात, तो होता.

डॉ. लांग यांच्या तोंडून हुंदक्यासारखा सुटकेचा उद्गार निघाला. “सापडला! पण इथे कसा?”

“आवरण जाड लागतंय,” नीलिमा म्हणाल्या.

हिरव्या कागदाखाली दुसरा कागद होता. त्याच आकाराचा, अधिक पिवळा पडलेला. त्याच्यावर तारीख होती १३ मार्च १९५०, आणि अक्षर उतरते, ठाम. रंग लाल. क्लेअरने वाचले, आणि दुसऱ्या शब्दापासून तिचा आवाज खाली उतरत गेला.

“‘नको. पहारा कायम ठेवावा. ब्राइटनर.’”

ज्या वाक्यावर ही इमारत उभी होती, त्याच्या नेमके उलट वाक्य त्याच माणसाच्या हातचे, त्याच दिवशीचे, टेबलावर पडले होते. स्वतःचा प्रबंध खरा ठरलेली क्लेअरसुद्धा हात तोंडावर ठेवून उभी होती.

“साहेब गेल्यावर मला हा मिळाला,” व्हीस्नर दारातून म्हणाले. त्यांना कुणी विचारले नव्हते. “लाल. मी तो पन्नास वेळा वाचला. ज्यांनी पुढे बासष्ट साली स्वतः जाऊन ती चौकी उठवली, त्यांचं हे अक्षर! ती दोन वाक्यं त्यांचीच आहेत, फ्रीडेरिके. शेवटच्या आठवड्यात, अंथरुणावर, मला बोलले. मी फक्त... आधीची तारीख घातली. मला सुरुवातीपासून थोर असलेला माणूस हवा होता.”

“आणि हिरवा रंग?” नीलिमांनी हळूच विचारले.

“दुसरा मला माहीतच नव्हता हो. हा लाल कागद समोर ठेवून मी हिरव्यानं लिहिलं, आणि मला काही खटकलं नाही! तेरा वर्षांनी, एका सकाळी घड्याळाला किल्ली देताना, ते लक्षात आलं. तेव्हापासून मी तो कुणाला दाखवला नाही. या मुलावर आळ येईल हे मला...” ते समरकडे पाहू शकले नाहीत. “सकाळी तोंड उघडणार होतो. उघडलं नाही.”

डॉ. लांग यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तीन वाजून वीस मिनिटे. त्यांचा चेहरा पांढरा होता, पण त्या हिशेबी सावकाशीने बोलू लागल्या.

“कागद सापडला. तक्रार नाही. हेर देवस्थळी, मी तुमची माफी मागते, आणि तुमच्या कंपनीला उत्तम शेरा पाठवते. आजच.” त्या थांबल्या. “उद्या आपण पुस्तकातलं काळं-पांढरं छायाचित्रच लावू. मूळ कागद नाजूक आहे म्हणून सांगू. बाकीचं नंतर, शांतपणे बघू. ते तुमचं चाचणीचं चित्र पुसता येईल ना?”

खोलीत असा प्रश्न पडला की सगळ्यांना त्याचा आवाज ऐकू आला. समरने यंत्राकडे पाहिले. एक कळ. शुक्रवार आरामात जाईल, परवाना राहील, एका म्हाताऱ्याची चाळीस वर्षे राहतील, भिंत राहील. आयुष्यभर त्याने असेच केले होते: कुणी जरा आवाज चढवला की बाजूला सरकायचे.

“पुसता येईल,” तो म्हणाला. “पण मी पुसणार नाही.”

“तुम्हाला समजतंय का, हेर देवस्थळी—”

“समजतंय. शेरा लिहू नका हवं तर.” त्याने लाल कागदाकडे बोट दाखवले. “फ्राउ डॉक्टर, मी रोज त्या भिंतीखालून जातो. मला वाटायचं, असली माणसं जन्मतःच तशी असतात, आणि आपण नाही. हा माणूस आधी ‘नको’ म्हणाला होता. बारा वर्षांनी त्यानं जाऊन दार उघडलं. मला... मला हा जास्त कळतो.”

इतके लांब तो जर्मनमध्ये कधीच बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याचे कान लाल झाले.

पहिले हलले ते व्हीस्नर. ते टेबलाशी आले, सकाळचा तो फोल्डर त्यांनी ओढला आणि त्यातली कोरी पिवळी चिठ्ठी बाहेर काढली.

“कुणी लेखणी देईल का?”

क्लेअरने पुढे केली ती योगायोगाने हिरवी होती. त्यांनी मान हलवली. नीलिमांनी आपल्या नोंदवहीतली काळी दिली.

“हो,” व्हीस्नर म्हणाले. “ज्याला रंग मिळालेला नाही, त्यानं काळ्यानं लिहावं.”

अक्षर सरळ आले. काय नेले: १३ मार्च १९५०चा एक कागद, लाल. कुणी नेला: कोनराड व्हीस्नर. केव्हा: नोव्हेंबर १९७७. परत केला: १२ मार्च २०२५. मग त्यांनी लाल कागद दोन्ही हातांनी उचलला, फोल्डरमध्ये त्याच्या जागी ठेवला, आणि हिरवा पुन्हा सत्त्याहत्तरच्या पेटीत, शोकसंदेशांवर. शेवटी खिशातली तिजोरीची किल्ली काढून ती त्यांनी फ्रीडेरिके लांग यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी किल्ली उचलून मुठीत धरली. खाली गाड्यांची दारे वाजली. पाहुणे वेळेआधी आले होते.

“हेर देवस्थळी,” त्या शेवटी म्हणाल्या, “तुमचे दिवे लावायला किती वेळ लागेल?”

“दहा मिनिटं.”

“दोन्ही कागद घ्या. शेजारी-शेजारी. आणि ही चिठ्ठीसुद्धा.” त्या दाराकडे निघाल्या, मग वळल्या. “प्रकाश सगळ्यांवर सारखा पडू द्या.”

समरने दिवे लावले. नीलिमांनी रंगपट्टी पुसून त्याच्या हातात दिली. पडदा उजळला. लाल, हिरवा आणि सरळ अक्षरांतला काळा. दारापाशी व्हीस्नर कोट चढवत होते. त्यांचा हात बाहीत अडकला होता. समर कॅमेरा सोडून उठला आणि त्याने त्यांची बाही धरली.